पंडिता रमाबाई आणि मुक्तीतील अंध मुली

पंडिता रमाबाई ह्यांचे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नाही. परंतु त्यांस कानांनी कमी ऐकू येत असे, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते.

अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या ह्या कन्येचा जन्म १८५८ साली झाला. आईजवळ संस्कृत शिकलेली ही मुलगी दुष्काळात आईबापांस अंतरली, भावासह देशभर पायी हिंडली, आणि १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या.

१८८२ साली हंटर कमिशनापुढे रमाबाईंनी स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य ह्यांची आवश्यकता प्रतिपादिली आणि पुढील वर्षी स्वतःच वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडास गेल्या. पण मंद श्रवणशक्ती आड आली व तो मार्ग कायमचा बंद झाला. विद्वत्सभा गाजविणाऱ्या स्त्रीस बुद्धी कमी पडली नाही, कान कमी पडले! तरी त्या खचल्या नाहीत. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले.

१८८९ साली मुंबईस त्यांनी शारदासदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुलींस आणून केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. त्या मुलींत अंधही होत्या. अंध मुलीस भिक्षेवाचून गती नाही, असा तेव्हा सार्वत्रिक समज. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आली होती. सहा उठावदार टिंबांची ही लिपी बोटांनी वाचावयाची असते. तिने ह्या मुलींस वाचावयास शिकविले. त्यांस हातकामही देण्यात आले. त्या काळी असल्या मुलांस शाळेत घ्यावे, असे सांगणारा एकही कायदा आपल्या देशात नव्हता. तो १९९५ साली झाला. आणि २०१६ च्या कायद्याने सरकारी व मान्यताप्राप्त शाळांस दिव्यांग मुलांमध्ये भेदभाव न करता प्रवेश देणे बंधनकारक केले. केडगावी हे काम सुमारे शतकभर आधीच आरंभिले होते.

आमच्या धर्माबादप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यास रमाबाईंनी १९१२ साली हायस्कूल काढले व मनोरमाबाई तेथे मुख्याध्यापिका झाल्या. आईच्या मागे सर्व कार्य तीच सांभाळील, अशी अपेक्षा होती. परंतु १९२१ साली मनोरमाबाई आईच्या आधीच निवर्तल्या. रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेविला. मुक्तीतील अंध मुलींचा वर्ग मात्र त्यांच्यामागे चालूच राहिला.