विश्लेषण : गोष्ट ठाऊक असलेल्या प्रेक्षकाचा श्वास फाळकेंनी कसा रोखून धरला?

दिंडोरी : थरारपटाने सुरुवातीलाच पकड घेतली नाही, तर दिंडोरीच्या स्टँडवर बस लागण्याआधीच तो मोबाइलवर बदलला जातो. प्रेक्षकाला पहिल्या दृश्यापासून कसे बांधून ठेवायचे, हा प्रश्न मात्र जुना आहे. इथून जवळच असलेल्या नाशिकमध्ये शंभर वर्षांपूर्वी धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी त्याचे उत्तर शोधले होते.

फाळके चित्रपटाकडे कसे वळले?

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा स्टुडिओ काढला. तिथेच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे छपाईचा धंदा केला आणि जादूचे प्रयोगही. जादूगार म्हणून त्यांनी आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते. १९११ मध्ये मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि दिशा ठरली. विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

त्यांच्यापुढची अडचण काय होती?

त्यांचा प्रेक्षक कीर्तन, पोथी आणि नाटकांवर वाढलेला होता. हरिश्चंद्राच्या कथेचा शेवट काय किंवा कालियाचे काय होते, हे लहान मुलालाही ठाऊक होते. ‘आता काय होणार’ या प्रश्नावर उत्कंठा उभी करणे शक्यच नव्हते. चित्रपट मूक असल्याने संवादांचाही आधार नव्हता.

‘कालिया मर्दन’ची सुरुवात वेगळी का?

नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचा हा चित्रपट १९१९ चा. कृष्णाची भूमिका फाळके यांची मुलगी मंदाकिनी हिने केली. तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची होती. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर तिचा चेहरा येतो. ती एकेक भाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे हा देव नसून एक लहान मुलगी आहे, हे फाळके आधीच सांगून टाकतात.

जादूगाराने स्वतःच गुपित फोडावे, असा हा प्रकार. पण त्याचा परिणाम उलटा होतो. पुढे कृष्ण डोहात उडी घेतो, तेव्हा देव वाचणार हे ठाऊक असूनही काळजी वाटते ती त्या मुलीची.

डोहाच्या प्रसंगात ताण कसा वाढतो?

पाण्याखाली कालियाशी झुंज आणि काठावर हवालदिल झालेले गोकुळ, अशी दृश्ये आलटूनपालटून येतात. काठावरच्या माणसांना तळाशी काय चालले आहे ते दिसत नाही, प्रेक्षकाला दिसते. या तफावतीतून उत्कंठा तयार होते. प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त माहिती देऊन ताण वाढवण्याचे हे तंत्र पुढे आल्फ्रेड हिचकॉक यांच्या नावाशी जोडले गेले. हिचकॉक यांचा पहिला पूर्ण चित्रपट १९२५ चा आहे.

जोखीम कोणाची?

फाळके यांच्या घराची. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र. पत्नी सरस्वतीबाई कलाकारांच्या जेवणापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे सांभाळत.

शेवट कसा झाला?

कंपनीतील भागीदारांशी मतभेद झाले, ते बाहेर पडले आणि नंतर परतले. बोलपटांनी मात्र त्यांचा काळ संपवला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग मात्र टिकला आहे. सात वर्षांच्या मंदाकिनीचा तो चेहरा त्यात आजही पाहता येतो.