विश्लेषण : स्मॅशचा वेग मोबाइलवर मोजण्याची वाट दाखवणारा डॉक्टर

मालविका बनसोडमुळे बॅडमिंटनच्या नकाशावर नागपूरचे नाव ठळक झाले. कोर्टच्या कडेला मोबाइल लावून आपल्या स्विंगचा वेग मोजणे आज कुणालाही शक्य आहे. यामागची पद्धत मात्र सुमारे १४० वर्षे जुनी आहे. ती रुजवली एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच डॉक्टरने.

मारे कोण होते?

जन्म १८३०, फ्रान्समधील बोन गावी. बोटांनी पाहिलेल्या नाडीवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून १८६० मध्ये त्यांनी नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर उमटवणारे मनगटी यंत्र केले. १८६९ मध्ये ते पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले.

कॅमेऱ्याकडे कसे वळले?

धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात, हे त्यांनी यंत्राने नोंदवले होते. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून ते छायाचित्रांत दाखवले. मारे यांनी १८८२ मध्ये सेकंदाला १२ चित्रे टिपणारी ‘छायाचित्र-बंदूक’ बनवली. पुढे धावपटूला काळे कपडे घालून हातापायांवर चकचकीत पट्ट्या लावल्या. चित्रातच घड्याळाची तबकडी आणि मोजपट्टी ठेवली. अंतर आणि वेळ दोन्ही हाती आल्यावर वेग काढणे म्हणजे साधा भागाकार उरला.

मग सिनेमा त्यांचा का नाही?

१८८८ मध्ये त्यांनी कागदी फिल्मवरची चित्रे विज्ञान अकादमीपुढे मांडली. पण त्यांना करमणूक नको, मोजमाप हवे होते. सहायक जॉर्ज देमेनी यांना व्यवसाय हवा होता. १८९४ मध्ये दोघे वेगळे झाले. पुढच्याच वर्षी ल्युमिए बंधूंनी पडद्यावर चित्रपट दाखवून नाव मिळवले. मुंबईत सावे दादांनी १८९९ मध्ये कुस्ती चित्रित केली, तीही सिनेमा म्हणूनच. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मारे यांच्या पथकाने मात्र खेळाडूंच्या हालचाली अभ्यासासाठी टिपल्या. १९०४ मध्ये मारे यांचे निधन झाले.

आज हे मोबाइलवर कसे करायचे?

• स्लो-मोशन २४० फ्रेम्सवर ठेवा. म्हणजे दोन फ्रेम्समधले अंतर १/२४० सेकंद.
• मोबाइल स्विंगच्या काटकोनात, स्टँडवर स्थिर ठेवा.
• मोजपट्टी म्हणून रॅकेटची लांबी धरा. नियमानुसार ती ६८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसते.
• रॅकेटचे टोक एका फ्रेममध्ये १५ सेंटिमीटर सरकले, तर ०.१५ × २४० = ३६ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर.

चूक कुठे होते?

साध्या ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत हेच टोक एका फ्रेममध्ये १.२ मीटर जाते. मधला वळणदार मार्ग दिसतच नाही आणि वेग कमी भरतो. कॅमेरा तिरका असला तरीही तेच. हा वेग रॅकेटचा आहे, शटलचा नव्हे, हेही विसरू नये. खेळाडूचा सराव अशा आकड्यांवर ठरणार असेल, तर आधी मोजपट्टी आणि घड्याळ तपासावे. मारे यांनी आयुष्यभर तेच केले.