चिक चॉकलेट

आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६ – मे १९६७) हे गोमंतकीय ट्रम्पेटवादक, वाद्यवृंदप्रमुख आणि हिंदी चित्रपटांचे संगीत संयोजक होते. भारतात जॅझ संगीत रुजवणाऱ्या वादकांत त्यांची गणना होते. अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या शैलीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. त्यामुळे ते भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात.

प्रारंभिक जीवन

वाझ यांचा जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यात हळदोणे येथे झाला. पोर्तुगीज राजवटीत तेथील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी व वाद्यवादन शिकवले जाई. या परंपरेतून आलेले अनेक वादक उपजीविकेसाठी मुंबईस गेले. वाझ हे त्यांपैकीच एक होत.

जॅझवादन

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी यांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंदाने जॅझ सादर केले. पुढे १९४० च्या दशकात त्याच हॉटेलात चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद लोकप्रिय झाला.

चित्रपटसंगीत

अनेक संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलिपी अवगत नव्हती. त्यांच्या चाली लिहून घेणे आणि प्रत्येक वाद्याचा भाग बांधणे हे काम गोमंतकीय संयोजक करीत. चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणून हे कार्य केले. 'समाधी' (१९५०) चित्रपटातील 'गोरे गोरे' या गीताची चाल 'डॉल फेस' (१९४५) या अमेरिकन चित्रपटातील गीतावर आधारलेली आहे. भगवान दादांच्या 'अलबेला' (१९५१) चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. 'नादान' (१९५१) या चित्रपटास त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. मदन मोहन यांच्याकडेही त्यांनी काम केले.

श्रेयाचा प्रश्न

तत्कालीन श्रेयनामावलीत संगीतकार व गीतकार यांची नावे येत. वादकांची नावे सहसा येत नसत. त्यामुळे एखाद्या दृश्यात ऐकू येणारा जॅझचा तुकडा कोणी बांधला व कोणी वाजवला, हे निश्चित करणे कठीण जाते. गीते आधी ध्वनिमुद्रित होऊन नंतर चित्रित होत असल्याने, पडद्यावर दिसणारा वादक हाच मूळ वादक असेल असेही म्हणता येत नाही. अशा वेळी छायाचित्रे, ध्वनिमुद्रिका आणि सहकारी वादकांच्या आठवणी परस्परांशी ताडून पाहाव्या लागतात. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या ग्रंथामुळे चिक चॉकलेट आणि त्यांच्या समकालीन वादकांच्या कार्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले.

निधन

मे १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी संयोजन केलेली 'अलबेला'तील गीते आजही ऐकली जातात. मात्र ती प्रामुख्याने संगीतकार आणि गायक यांच्याच नावाने परिचित आहेत.