गिरणीतली मेरी, कॅलाबारची ‘मा’

आमचे धान्याचे छोटे दुकान आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, अशा दोन भाषांत मी वाढलो. पोत्याचे वजन करताना बारदान वजा करायचे, हा माझा वाणिज्याचा पहिला धडा. कॉलेजात ताग उद्योगाविषयी वाचताना स्कॉटलंडमधील डंडी शहराचे नाव भेटले. बंगालचा ताग जहाजांनी तिथल्या गिरण्यांत जाई आणि तिथली पोती जगभर विकली जात. त्या गावाविषयी आणखी वाचता वाचता गिरणीत काम करणाऱ्या एका मुलीची ओळख झाली. तिचे नाव मेरी स्लेसर.

मेरीचा जन्म २ डिसेंबर १८४८ रोजी ॲबर्डीन येथे झाला. वडील जोडे शिवीत. पण दारूपायी संसाराची धूळधाण झाली. कुटुंब डंडीला आले. आई विणकाम करून घर चालवी. अकराव्या वर्षी मेरीही गिरणीत लागली. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस गिरणीचीच शाळा. पुढे ती पूर्ण वेळ मागावर उभी राहू लागली. कमावणारी आई असूनही घरात पैसा का टिकत नाही, हे तिने लहानपणीच पाहिले.

आई धर्मनिष्ठ होती. मिशनऱ्यांच्या हकिगती मेरीने तिच्याकडूनच ऐकल्या. १८७६ साली मिशनने मेरीला शिक्षिका म्हणून कॅलाबारला पाठविले. हा भाग आज नायजेरियात आहे. तिथे गेल्यावर मेरीबाईंनी प्रथम एफिक भाषा आत्मसात केली. दुभाष्या मध्ये ठेवून माणसाचे दुःख कळत नाही, हे आम्हां सीमाभागातल्या मुलांना वेगळे सांगायला नको. त्या स्थानिक लोकांसारखेच साधे अन्न खात आणि पगारातून वाचलेले पैसे आईला पाठवीत.

त्या काळी तिथे जुळी मुले अशुभ मानीत. दोघांपैकी एक भुताचे, अशी समजूत होती. कोणते ते कळत नसल्याने दोन्ही बाळांना रानात टाकून देत आणि आईला गावाबाहेर घालवीत. मेरीबाई अशी बाळे उचलून आणू लागल्या. अनेकांना त्यांनी स्वतःच्या घरात वाढविले. त्यांतली जेनी तर त्यांची मुलगीच झाली.

१८८८ साली त्या आत ओकोयाँग भागात एकट्या राहायला गेल्या. तिथे त्यांना मोठा आधार मिळाला तो मा एमे नावाच्या विधवेचा. ती तिथल्या मुखियाची बहीण. गावात काही अघटित घडणार असे दिसले, की ती औषधासाठी म्हणून रिकामी बाटली मेरीबाईंकडे पाठवी. ती त्या दोघींची खूण होती. बाटली आली, की मेरीबाई निघत. चांगले काम परदेशी बाईने एकटीने केले असे लिहिणे म्हणूनच बरोबर नाही. १८९२ साली इंग्रज सरकारने त्यांना व्हाइस-कॉन्सल नेमले. त्या तंटे सोडवू लागल्या. या अधिकाराबरोबर परकी सत्ताही त्या मुलखात घट्ट होत गेली, हेही मान्य केले पाहिजे.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यांचे शेवटचे काम. बाळ वाचले, तरी हाकलून दिलेल्या आईने जायचे कुठे? पुरुषाचा आधार नसलेल्या बाईला तिथे काहीच संरक्षण नव्हते. म्हणून मेरीबाईंनी उसे या गावी अशा बायकांसाठी वसाहत उभी केली. शेती, टोपल्या विणणे असे उद्योग करून बायकांनी स्वतःचे पोट भरावे, असा त्यांचा बेत होता. डंडीतल्या आईचा संसार त्या विसरल्या नव्हत्या, असे मला वाटते. वारंवार येणाऱ्या तापाने शरीर खचले, तरी त्या कायमच्या परत गेल्या नाहीत. १३ जानेवारी १९१५ रोजी उसे येथेच त्यांचे निधन झाले. लोक त्यांना ‘मा’ म्हणत. पुढे १९९७ साली स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

आमच्या दुकानात फाटकी पोती शिवायला एक मावशी येतात. शनिवारी त्यांची मजुरी न्यायला त्यांचा मुलगा येई आणि मीही वहीत खूण करून त्याच्या हाती पैसे देई. हिशेब बरोबर जुळे. तो पैसा घरी पोहोचतो का, हे मी कधी विचारले नाही. मेरीबाईंचे चरित्र वाचल्यावर एका शनिवारी मी मुलाला परत पाठविले आणि मावशींना बोलावून पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते दोनदा मोजले, पदराच्या गाठीत बांधले आणि काही न बोलता पुन्हा दाभण हातात घेतला.