बर्था बेंझ: हॅटपिन हाच टूलबॉक्स!

गाडीच्या बॉनेटखालून चीं-चीं आवाज आला की मेकॅनिक आधी बेल्ट बघतो. पहिल्या मोटारगाडीतही बेल्ट होताच, पण चामड्याचा. त्या गाडीची खरी परीक्षा घेतली बर्था बेंझने.

बर्था जर्मनीतल्या फोर्झहाइमची, जन्म १८४९ चा. लग्नाआधीच तिने हुंड्याचे पैसे कार्ल बेंझच्या अडचणीतल्या धंद्यात घातले. १८८६ मध्ये कार्लला तीन चाकी गाडीचं पेटंट मिळालं. पण गाडी घेणार कोण?

मग ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन बर्था मानहाइमहून थेट माहेरी निघाली. अंतर साधारण १०६ किलोमीटर!

इंजिनाची ताकद चामड्याच्या पट्ट्याने मधल्या शाफ्टवर जायची आणि तिथून साखळ्यांनी मागच्या चाकांवर. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की गाडी न्यूट्रल, म्हणजे क्लचचं कामही त्याच्याकडेच. वाटेत साखळी बिघडली, लोहाराने नीट केली. इंधनाची नळी तुंबली, ती बर्थाने हॅटपिनने मोकळी केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. (आपण असतो तर फोन करून टो-व्हॅनची वाट बघत बसलो असतो!)

उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक-लायनिंगची कल्पना ती हीच. चढावर मुलांना उतरून धक्का मारावा लागला, म्हणून नंतर कार्लने जास्तीचा गिअर बसवला.

१९४४ मध्ये, ९५ व्या वाढदिवशी तिला कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने मानद सिनेटर केलं. दोनच दिवसांनी ती गेली.