शेठ वालचंद हिराचंद

बारामतीकडून इंदापूर तालुक्यात शिरलात की नीरेच्या खोऱ्यात वालचंदनगर लागते. हे नाव ज्यांच्यामुळे पडले, त्या गृहस्थांची तुम्हांला व तुमच्या पालकांना ओळख करून द्यावी म्हणून हा लेख.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरी सावकारी व कापसाचा धंदा. कॉलेजात गेले, पण पदवी न घेताच परतले, आणि पेढीवरही मन रमेना. पुढे त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटकांशी पडली. फाटक रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले. अनुभव एकाचा, भांडवल दुसऱ्याचे, अशी भागीदारी जमली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात झाली. पालकहो, रेल्वेची कायम नोकरी सोडणे त्या काळी वेडेपणाचे समजले जाई. काही घरांत अजूनही समजले जाते!

पुढे १९१९ साली वालचंद सिंदिया कंपनीच्या स्थापनेत अग्रभागी होते. तिची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिलला मुंबईहून लंडनकडे निघाली. १९४० मध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणला जहाजबांधणीची पायाभरणी, १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स. मोटारीच्या कारखान्याला इंग्रज सरकारने साह्य नाकारले होते, तरी त्यांनी तो नाद सोडला नाही. सगळेच त्यांच्या हाती राहिले असे नाही; विमानांचा कारखाना युद्धकाळातच सरकारकडे गेला. माझ्या मते त्यांचे मोठेपण या जंत्रीपेक्षा वेगळ्या गोष्टीत आहे. वस्तू विकत आणण्यापेक्षा ती इथे घडवावी, हा त्यांचा हट्ट होता.

तो हट्ट वालचंदनगरला जवळून दिसतो. कळंब गावाजवळ १९३४ साली साखर कारखाना उभा राहिला. साखर कारखान्याला गळिताच्या हंगामात विसावा नसतो. एखादे मोठे दातेरी चाक मोडले तर तोडलेला ऊस वाळत पडतो आणि त्यातली साखर रोज घटते. अशा वेळी सुटा भाग विलायतेहून येण्याची वाट कशी पाहणार? साखरेच्या गावाला यंत्रशाळेची गरज असते ती अशी. १९४० च्या सुमारास सातारा रोडचा कूपर कारखानाही वालचंद समूहात आला. लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिने बनवणाऱ्या या कारखान्याजवळ ओतकामाची परंपरा होती. तेथील ओतशाळा पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीजचा भाग झाली.

ओतकाम म्हणजे काय? तुमच्या घरचा बिडाचा तवा पाहा. बीड म्हणजेच ओतीव लोखंड. आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करतात, त्याला पॅटर्न म्हणतात. तो रेतीत दाबून काढला की पोकळी उरते, तोच साचा. त्यात सुमारे तेराशे अंश सेल्सियस तापलेला रस ओततात. गंमत अशी, की लोखंड थंड होताना आक्रसते, मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. म्हणून पॅटर्न करणारा कारागीर आक्रसण्याची मापे असलेली वेगळी फूटपट्टी वापरतो. रेतीत ओल जास्त राहिली तर वाफ कोंडून आत छिद्रे पडतात आणि साऱ्या दिवसाचे काम पुन्हा भट्टीत जाते. गणित, रसायन आणि हाताचे कसब, तिन्ही लागतात. अंग भाजणारे, धुळीचे काम आहे हे मात्र लपवू नये. डोळे, फुप्फुसे सांभाळणारी साधने देतात की नाही, हे कामाला लागण्यापूर्वी विचारावे.

दहावीनंतर आयटीआयमध्ये फाउंड्रीमनचा अभ्यासक्रम आहे, शिवाय टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर आहेत. पुढे डिप्लोमा, मग पदवी. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ पासून वालचंद यांचेच नाव आहे. कोल्हापूर परिसरातील ओतशाळा तर मुद्दाम जाऊन पाहाव्यात अशा आहेत.

१९४९ मध्ये अर्धांगवायूने वालचंद खचले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे वारले. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ ला घेऊन जे रॉकेट उडाले, त्याच्या दोन बूस्टरांच्या पोलादी आवरणांचे भाग वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाले होते.