इंटरप्टचं नाव काढलं की घाबरणाऱ्या प्रोग्रामरनेच कॉम्प्युटरला सिग्नल सांभाळायला शिकवलं

तुम्ही हे वाचताय, तेव्हा तुमच्या फोनच्या प्रोसेसरला सतत कुणीतरी हाक मारतंय. स्क्रीनवर बोट फिरलं, वायफायवरून डेटा आला, आतल्या घड्याळाचा ठोका पडला. प्रत्येक वेळी त्याने हातातलं काम सोडायचं, हाक कुणाची ते बघायचं आणि परत येऊन काम जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे न्यायचं, जणू मध्ये काही घडलंच नाही. या हाकेला म्हणतात इंटरप्ट.

ही कल्पना पहिल्यांदा समोर आली तेव्हा नेदरलँड्समधला एक तरुण प्रोग्रामर चक्क घाबरला होता. नाव एड्सगर डायक्स्ट्रा. इंजिनिअरिंगवाल्यांना हे नाव ‘शॉर्टेस्ट पाथ’मुळे माहीत असतंय. ती पद्धत त्यांना १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत, होणाऱ्या बायकोसोबत कॉफी पिताना वीसेक मिनिटांत सुचली होती. पण आजचा विषय वेगळा आहे.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. लायडन विद्यापीठात फिजिक्स शिकत असताना १९५१ मध्ये ते केंब्रिजला तीन आठवड्यांचा प्रोग्रामिंगचा कोर्स करून आले. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये नोकरी लागली. प्रोग्रामर हा पेशा असू शकतो हेच तेव्हा कुणाला पटत नव्हतं. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रामर’ सांगितला, तर पालिकेने तो मान्यच केला नाही. शेवटी ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असं लिहावं लागलं.

सेंटरमध्ये ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टन मशीन बनवायचे आणि डायक्स्ट्रा त्यांचे प्रोग्राम लिहायचे. तेव्हाच्या मशीनची अडचण अशी की प्रिंटर किंवा टाइपरायटर एक अक्षर उमटवेपर्यंत अख्खा कॉम्प्युटर ताटकळत उभा. म्हणून एक्स-१ या नव्या मशीनसाठी दोघांनी इंटरप्टचा प्रस्ताव मांडला. वाट बघायची नाही, काम झालं की यंत्रच हाक मारेल.

डायक्स्ट्रा हादरले, आणि त्यांची भीती खरी होती. तोवर प्रोग्राम चुकला तर तोच पुन्हा चालवायचा, चूक त्याच जागी सापडायची. हाक कोणत्याही क्षणी येणार असेल, तर आज बिघडलेला प्रोग्राम उद्या नीट चालेल आणि परवा पुन्हा बिघडेल. चूक शोधायची कुठे? बरेच दिवस ते टाळाटाळ करत राहिले. शेवटी दोघांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि गडी तयार झाला. मग मात्र असा भिडला की १९५९ ची त्यांची डॉक्टरेटच या विषयावर आहे. हाक आली की प्रोसेसरची स्थिती जपून ठेवायची, काम उरकायचं, स्थिती परत जशीच्या तशी लावायची. मधला प्रोग्राम अनभिज्ञ.

(पुढच्या वर्षी याच एक्स-१ साठी त्यांनी याप झोनेव्हेल्ड यांच्यासोबत अल्गोल-६० चा कंपायलर लिहिला. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांचं ठरलं होतं. काम संपल्यावर झोनेव्हेल्ड यांनी दाढी काढली, डायक्स्ट्रांनी आयुष्यभर ठेवली.)

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले आणि तिथे मोजक्या लोकांना घेऊन एक ऑपरेटिंग सिस्टीम बांधायला घेतली. आता एकाच मशीनवर अनेक प्रोसेस चालणार होत्या आणि त्या एकमेकींना सिग्नल देणार होत्या. इथे जुनी भीती नव्या रूपात परत आली.

समजा, एक प्रोसेस बघते की डेटा आलाय का. नाही आलेला. ती ठरवते की झोपावं, आला की कुणीतरी उठवेल. पण ठरवणं आणि प्रत्यक्ष झोपणं यामधल्या त्या इवल्याशा फटीतच सिग्नल येतो. झोपलेलं कुणी नाहीच, मग उठवायचं कुणाला? सिग्नल वाया जातो. त्यानंतर ती प्रोसेस झोपते आणि कायमची झोपते. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं, मशीन अडकलंय.

डायक्स्ट्रांचा उपाय म्हणजे सेमाफोर. हा शब्द रेल्वेच्या हात वर-खाली होणाऱ्या जुन्या सिग्नलवरून घेतलाय. आत आहे फक्त एक आकडा. सिग्नल देणारा तो एकने वाढवतो. वाट बघणारा एकने कमी करायला जातो आणि शून्य असेल तरच झोपतो. तपासणं आणि कमी करणं एका दमात, मध्ये कुणी घुसू शकत नाही. त्यामुळे सिग्नल आधी आला तरी बिघडत नाही, आकड्यात तो जमा असतो. मिस्ड कॉलची नोंद राहते ना, तसंच.

‘टीएचई’ नावाची ही सिस्टीम १९६८ मध्ये जगासमोर आली. ती मजल्यामजल्यांची होती. प्रोसेसर कुणाला द्यायचा आणि घड्याळाचा इंटरप्ट कसा सांभाळायचा हे सगळं तळमजल्यावर. वरच्या मजल्यांना इंटरप्ट कधी येतो याचा पत्ताही नाही. चाचणीत फक्त किरकोळ चुका सापडल्या, पाचशे सूचनांमागे साधारण एक, आणि तीही दहा मिनिटांत शोधता येईल अशी. एकेकाळी ज्या चुका सापडणारच नाहीत म्हणून ते घाबरले होते, त्यांना त्यांनी रचनेतच जागा ठेवली नव्हती. मला विचाराल तर शॉर्टेस्ट पाथपेक्षा हे काम मोठं आहे.

टर्मिनलवर आपण कंट्रोल-सी दाबतो तो सिग्नल मात्र डायक्स्ट्रांचा नाही, तो युनिक्सचा. पण दुखणं तेच. कर्नल त्या प्रोसेसच्या नावापुढे सिग्नलची खूण करून ठेवतो. प्रोसेस कर्नलमधून आपल्या कोडकडे परत निघाली की खूण तपासली जाते. मग सिग्नलकडे दुर्लक्ष, स्वतःचा हँडलर, नाहीतर ठरलेली कृती, जी बऱ्याचदा मरण असते. नऊ नंबरचा ‘सिगकिल’ मात्र कुणालाच अडवता येत नाही. आणि या साध्या सिग्नलमध्ये मोजणी नसते. एकच सिग्नल अडवून ठेवलेला असताना तीनदा आला, तरी पोचतो एकदाच. हँडलरमध्ये वापरायला मोजकीच फंक्शन्स सुरक्षित असतात, प्रिंट करणंही धोक्याचं. सेमाफोरचा आकडा वाढवणं मात्र चालतं.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये ते टेक्सासच्या ऑस्टिनला शिकवायला गेले, १९९९ मध्ये निवृत्त झाले आणि अखेरीस मायदेशी न्यूनेनला परतले. तिथेच ६ ऑगस्ट २००२ रोजी कॅन्सरने त्यांचं निधन झालं. कॉम्प्युटरचा एवढा मोठा माणूस, पण लिहायचा फाउंटन पेनाने. तेराशेहून जास्त टिपणं त्यांनी मागे ठेवली आणि झेरॉक्स काढून ती दोस्तांना पाठवली. आज ती ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या साइटवर फुकट वाचता येतात. अक्षर इतकं देखणं की त्याचा फॉन्टसुद्धा निघालाय.